गोल्डफिश वाचेल असं वाटत नाही, घरच्या घरी त्रास न देता मरण कसं द्यायचं? (सांगली)

पियूची_आई
नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. आमच्याकडं एक ओरांडा गोल्डफिश आहे, पांढरा आणि डोक्यावर तांबडी टोपी असलेला. लेक बालवाडीत होती तेव्हा आणला, आता ती सातवीत आहे, म्हणजे घरातलाच झालाय तो. काही दिवसांपासून त्याचं पोट फुगत चाललं होतं, आधी वाटलं जास्त खाल्लं असेल, पण आता सगळ्या अंगावरचे खवले उभे राहिलेत, वरनं बघितलं की अननसासारखा दिसतो, डोळे बाहेर आलेत, खाणं पूर्ण बंद. वेगळ्या टबात ठेवलाय, एअर स्टोन लावलाय, एप्सम सॉल्ट झालं, अँटिबायोटिकचा कोर्स पण पूर्ण झाला, काडीचा फरक नाही. कालपासून कुशीवर पडून आहे, मधेच उठायला बघतो, दोन हात मारल्यासारखे पर हलवतो आणि परत तळाला जातो.

दुकानात विचारलं तर म्हणाले फ्लश करा नाहीतर कृष्णेत सोडून या. मला दोन्ही नाही पटलं. जनावरांच्या एका डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले मी कुत्री-मांजरं बघतो, माशांचा अनुभव नाही, उगाच काहीतरी सांगणार नाही. बरं वाटलं सरळ बोलले ते. मिस्टर म्हणतात फ्रीजरमधे ठेवूया, सासूबाई म्हणतात जीव घेऊ नकोस, जायचा तेव्हा जाईल. आणि पियू शाळेतनं आली की आधी टबाशी जाऊन बसते, काही बोलत नाही.

मला एवढंच विचारायचंय की आता त्याला सोडवायचंच असेल तर सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग कुठला, आणि वेळ आलीय हे नक्की कसं ओळखायचं. "एवढ्याशा माशासाठी काय एवढं" असं कृपया कुणी लिहू नका.

टँकवेडा_मिरज
ताई, कुणी नाही लिहिणार तसं. आधी दोन-तीन गोष्टी विचारतो, राग मानू नका, कारण गोल्डफिशच्या बाबतीत लोक लई घाई करतात. पोट फुगणं वेगळं आणि ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठण्याचा आजार, वेगळी. ओरांडा, रांचू, हे सगळे गोल गोल मासे असतात ना, त्यांचं आतडं आणि हवेची पिशवी आखूड अंगात दाटीवाटीनं बसलेली असते, त्यामुळं साधी बद्धकोष्ठता झाली तरी मासा कुशीवर पडतो, उलटा तरंगतो, आणि माणसाला वाटतं संपलं आता. अशा माशाला दोन-तीन दिवस उपास घालायचा, मग मटार उकडून, साल काढून, चुरून द्यायचा, बरेच उठतात. मादीच्या पोटात अंडी असली तरी फुगते. तर खवले खरंच सगळीकडं उभे आहेत का एकाच बाजूला? पाणी तपासलं का, अमोनिया किती? आणि विष्ठा कशी आहे?

पियूची_आई
राग कसला दादा. खवले दोन्ही बाजूनं, गळ्यापासनं शेपटीपर्यंत उभे आहेत. मटार देऊन बघितला, तोंडात घेतला नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, टबाचं पाणी रोज निम्मं बदलतेय, नळाचं पाणी अँटिक्लोरीन घालूनच वापरते. विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी होती, आता तीही नाही. कल्ले फिके पडलेत, आधी लालबुंद असायचे.

टँकवेडा_मिरज
मग ताई ही ड्रॉप्सीच, आणि बरीच पुढं गेलेली. फिके कल्ले आणि दोन्ही बाजूंचे खवले हे वाईट लक्षण. माझ्या मते तुम्ही करायचं ते सगळं केलंय. मत्स्यकन्या ताई येतील इकडं, त्या फिशरीजवाल्या आहेत, त्यांचं ऐका.

आयर्विनपूल
मी पण फ्रीजरच ऐकलंय. थंड रक्ताचा प्राणी ना, हळूहळू थंड होत झोपेत जातो म्हणे. पिशवीत पाणी आणि मासा घालून ठेवायचं. बरोबर ना?

मत्स्यकन्या_तासगाव
नाही, अजिबात नाही. आयर्विन, तू चांगल्या मनानं लिहिलंयस हे कळतंय, पण हे सगळीकडं पसरलेलं आहे आणि चुकीचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, आता गावी आहे.

थंड रक्ताचा म्हणजे बाहेर थंडी पडली की त्याचं अंग सावकाश चालतं, बंद होत नाही. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्यातला, कार्पच्या कुळातला. बाहेरच्या देशांत बर्फ धरलेल्या तळ्यांच्या तळाशी हे मासे अख्खा हिवाळा काढतात. त्याला फ्रीजरमधे ठेवलं तर तो लगेच बेशुद्ध होत नाही, पाणी गोठत जातं आणि शरीरात बर्फाचे कण धरायला लागतात तेव्हा त्याला जाणीव असू शकते. आपल्याला दार बंद केलं की दिसत नाही, एवढाच काय तो फरक. प्रयोगशाळेत झेब्राफिशसारख्या बोटाच्या पेराएवढ्या उष्ण पाण्यातल्या माशांना २ ते ४ अंशांच्या बर्फाच्या पाण्यात एकदम सोडतात, ती पद्धत मान्य आहे, पण ती चिमुकल्या माशांपुरती, क्षणात अंग थंड होतं म्हणून. तुमच्या ओरांड्याला ती लागू नाही.

फ्लश करणं तर त्याहून वाईट. ड्रेनेजमधे मासा लगेच मरत नाही, क्लोरीन, घाण, ऑक्सिजन नाही, असा तडफडत जातो. पाण्याबाहेर ठेवणंही तसंच. सोडा किंवा फसफसणारी पावडर टाकून कार्बन डायऑक्साइडनं मारा असंही कुणीकुणी सांगतं, त्यात मासा सैरावैरा धावतो, तेही नको. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची, अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची, प्राण्यांना वेदनारहित मरण देण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात फ्लश करणं, सावकाश गोठवणं, पाण्याबाहेर गुदमरवणं हे सरळ अमान्य म्हटलंय.

आणि माशाला दुखत नाही असं जे म्हणतात त्याबद्दल. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर, ओठांभोवती वेदना ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत हे दाखवून दिलं. ओठात त्रासदायक द्रव टोचल्यावर ते मासे खाणं सोडायचे, तळाच्या खड्यांवर तोंड घासायचे. त्यानंतर या विषयावर भरपूर काम झालंय. तेव्हा सासूबाईंना किंवा कुणालाही "त्याला काय कळतंय" असं सांगू नका, कळतंय असं धरूनच वागायचं.

ताई, ड्रॉप्सीत नेमकं काय होतं तेही सांगते म्हणजे तुमचा निर्णय सोपा होईल. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळं कल्ल्यांतनं पाणी सारखं आत येत असतं आणि मूत्रपिंड ते सारखं बाहेर टाकत असतं. मूत्रपिंड बसलं की आलेलं पाणी आतच राहतं, पोटात साठतं, खवल्यांच्या खाली साठतं, म्हणून खवले उभे राहतात. डोळ्यांमागं साठतं म्हणून डोळे बाहेर. म्हणजे उभे खवले दिसतात तोवर आतला बिघाड जुना झालेला असतो. बरेचदा एरोमोनाससारखे जिवाणू कारणीभूत असतात, पण औषधानं जिवाणू मेले तरी मूत्रपिंड परत उभं राहीलच असं नाही. नुकते खवले उठायला लागलेत आणि मासा खातोय, तर प्रयत्न जरूर करावा, वाचलेले मासे मी बघितलेत. तुमचा खात नाही, पोहू शकत नाही, तोल सावरत नाही, औषध पूर्ण होऊन गेलंय. मी असते तर आता थांबले नसते.

पद्धत वेगळ्या पोस्टमधे लिहिते, मोठी होईल.

अण्णा_गावभाग
मी जरा वेगळं मत मांडतो, रागावू नका. आम्ही जैन. आमच्या घरात मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करायची असं लहानपणापासनं शिकवलेलं. आमच्याकडं सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडायचं व्रत, आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर घेतली, आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी लोक तेव्हा दर्शनाला गेले होते. पण ती माणूस स्वतः, समजून उमजून, व्रत म्हणून घेतो. दुसऱ्या जिवाच्या वतीनं आपण ती ठरवायची नाही. मासा काही बोलत नाही, मग त्याला सुटका हवी हे आपण कुठून ठरवायचं? मी असतो तर टबात पाणी कमी ठेवलं असतं म्हणजे त्याला वर यायला कष्ट पडू नयेत, उजेड कमी केला असता, हवा बारीक सोडली असती, आणि शेवटपर्यंत शेजारी बसलो असतो. ताईंनी तेच करावं असं मी म्हणत नाही, त्यांचा जीव किती गुंतलाय ते वाचताना कळतंय.

मास्तर_माधवनगर
अण्णा, तुमचं म्हणणं मनापासून पटण्यासारखं आहे, तरी एक जुनी गोष्ट आठवली ती लिहितो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू जबर आजारी पडलं, उपचार करून थकले, कूस बदलता येईना इतक्या वेदना. गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा केली आणि शेवटी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं, स्वतः समोर उभे राहिले. मग लपवलं नाही, आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. देशभरातनं संतापाची पत्रं आली. त्यांचं म्हणणं असं की शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सुरी चालवतो ती हिंसा नव्हे, तसंच स्वतःचा काही स्वार्थ नसताना, दुसरा काही उपायच उरला नसताना, फक्त त्या जिवाच्या वेदना थांबाव्यात म्हणून केलं तर ती अहिंसेच्या विरुद्ध नाही. मला वाटतं ताईंचं प्रकरण याच जातीचं आहे.

कायद्याचं कुणी विचारेल म्हणून सांगतो, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून कुठलाही जिवंत प्राणी म्हणजे प्राणी, त्यात मासाही आला. कायद्याचा रोख विनाकारण यातना देण्यावर आहे.

अण्णा_गावभाग
मास्तर, ती गोष्ट माहीत आहे, आमच्या समाजातनंही तेव्हा पुष्कळ विरोध झाला होता. माझं मत बदललं नाही, पण तुम्ही नीट मांडलंत. ताई, तुम्ही जे कराल ते करताना त्याच्याजवळ राहा एवढीच विनंती, करून निघून जाऊ नका.

मत्स्यकन्या_तासगाव
अण्णांची शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे, खालच्या पद्धतीत ती जशीच्या तशी लागू होते, कारण लोक चुकतात ते घाई करण्यात.

घरी करायचं तर लवंगेचं तेल. आयुर्वेदिक दुकानात, मेडिकलमधे दातदुखीसाठी मिळतं तेच. त्यात युजेनॉल असतं, दातांच्या दवाखान्यात जो वास येतो तो त्याचाच. मत्स्यबीज केंद्रांवर मोठे मासे हाताळताना, अंडी काढताना त्यांना गुंगी देण्यासाठी हे वापरतात, तेव्हा हा काही कुणी घरात बसून काढलेला शोध नाही. बाटलीवर नीट वाचा, निव्वळ लवंग तेल हवं, दुसऱ्या तेलात मिसळलेलं मालिशचं तेल नको. आणि २ मिलीची छोटी बाटली पुरणार नाही, ५ मिलीच्या दोन घेऊन ठेवा.

त्याच्याच टबातलं पाणी एका वेगळ्या पसरट भांड्यात घ्या, मापून घ्या, ४ लिटर पुरे. पाणी बदलू नका, तापमान बदलू नका, मासा हातानं न उचलता वाटीनं किंवा डब्यानं पाण्यासकट उचलून त्यात सोडा. त्याला तिथं जरा स्थिरावू द्या, दिवे मंद करा.

आता तेल पाण्यात तसंच टाकलं तर मिसळत नाही आणि त्याच्या कल्ल्यांना चिकटून झोंबतं. म्हणून झाकणाच्या छोट्या बाटलीत थोडं कोमट पाणी घ्यायचं, त्यात तेलाचे थेंब टाकायचे आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत जोरात हलवायचं. पहिल्या खेपेला लिटरला एक ते दीड थेंब, म्हणजे ४ लिटरला पाच-सहा थेंब. हे पांढरं पाणी एकदम ओतू नका, माशापासनं लांब, काठाकाठानं, थोडं थोडं करत पाच-सात मिनिटांत घाला. मासा आधी जरासा चुळबुळ करेल, मग सुस्तावेल, तोल जाईल, आडवा होईल. कल्ल्यांची उघडझाप चालू असते पण सावकाश. शेपटीच्या बुडाशी हलकेच चिमटीत धरून बघा, दाद देत नसेल तर तो गुंगीत गेलाय. देत असेल तर थांबा, लागलं तर आणखी दोन थेंब हलवून घाला. इथं अर्धा तास गेला तरी चालेल, पुढचं पाऊल उचलायची घाई नको.

गुंगी पक्की झाल्यावर दुसरी खेप. आता लिटरला किमान दहा थेंब, ४ लिटरला ४० थेंब, म्हणजे साधारण २ मिली, परत तसंच कोमट पाण्यात हलवून. जास्त झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर बिघडतं. कल्ले हळूहळू थांबतील. मधेच मोठ्या अंतरानं एखादी उचकी आल्यासारखी हालचाल होते, ती बघून घाबरू नका, तो जागा झालेला नसतो.

आणि हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कल्ले थांबले म्हणजे मेला असं धरू नका. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. त्यात गोल्डफिश हा ऑक्सिजनशिवाय तग धरणारा मासा. बहुतेक प्राण्यांत हवा कमी पडली की लॅक्टिक आम्ल साचतं, हा ते अल्कोहोलमधे बदलून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणूनच गोठलेल्या तळ्याखाली जगतो. कल्ले थांबल्यापासून किमान अर्धा तास, खरं तर याला मी तासभर सांगेन. लवकर काढून मातीत पुरला आणि तो मेलेलाच नव्हता असं होता कामा नये.

डॉक्टरांकडं एमएस-२२२ नावाचं माशांच्या गुंगीचं औषध असतं, खायचा सोडा घालून त्याची आम्लता मारून वापरतात, तेही चांगलं, पण आपल्याकडं सहज मिळत नाही. फिशरीज कॉलेजात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारलंत तर कळेल.

खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. हातमोजे घाला. तेलाची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, ते पोटात जाणं मुलांना धोक्याचं आहे. आणि हे भांडं, ती बाटली, काहीच परत टँकमधे वापरायचं नाही.

टँकवेडा_मिरज
+१. ताई हे सेव्ह करून ठेवतो. फक्त एक भर, मेन टँकमधेच तेल टाकायचा विचार कुणी करू नका, बाकीचे मासे पण जातील आणि फिल्टरमधले जिवाणू पण.

गोडोलीकर
सातारकडनं लिहितोय. माझा फ्लॉवरहॉर्न होता, वीतभर, डोक्यावरचं कुबड खड्डे पडून पोखरलेलं, मेट्रोनिडॅझोल देऊन झालं होतं, शेवटी काचेवर डोकं घासत राहायचा. मी मत्स्यकन्या ताईंनी लिहिलंय तसंच केलं, मोठ्या बादलीत, तेल अर्थातच त्या हिशोबानं जास्त लागलं. ज्यांचा मासा मोठा आहे त्यांच्यासाठी सांगतो, झाकण असलेली बादली घ्या किंवा वर ओला टॉवेल धरा, पहिल्या गुंगीच्या आधी मोठा मासा उसळी मारू शकतो आणि फरशीवर आपटला तर त्याचे हाल आणि आपले पण. आणि घरातल्या एकानं तरी सोबत असावं, मी एकटा होतो, घड्याळ बघायला, थेंब मोजायला दुसरा माणूस पाहिजेच.

आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीकरांना लांब पडतं, पण पुणे हायवेवरच आहे, फोन करून विचारायला हरकत नाही.

आयर्विनपूल
मत्स्यकन्या ताई, धन्यवाद, फ्रीजरचं मला खरंच माहीत नव्हतं. एक शंका, नदीत सोडलं तर काय होतं? निदान मोकळ्या पाण्यात तरी जाईल असं वाटतं लोकांना.

मत्स्यकन्या_तासगाव
आजारी, आडवा पडलेला मासा मोकळ्या पाण्यात जगत नाही, खंड्या किंवा दुसरा मासा त्याला जिवंतपणीच टोचतो. आणि त्याच्या अंगातले जंतू नदीतल्या माशांना जातात. निरोगी मासा सोडणं तर आणखी घातक. टँकमधे काच चाटणारा सकर मासा बघितला असशील, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो टँकांमधनंच मोकळ्या पाण्यात गेला आणि आता उजनीत मासेमारांच्या जाळ्यात येतो, हेलिकॉप्टर मासा म्हणतात त्याला. अंगावर काटेरी कवच, जाळी फाडतो, खाणारं गिऱ्हाईक नाही. आपल्या कृष्णेत आधीच मळीचं पाणी आलं की मासे काठाला लागतात, त्यात आपण टँकमधलं काही टाकायला नको.

पियूची_आई
सगळ्यांचे खूप आभार. तेल आणलंय. उद्या रविवार, मिस्टर घरी आहेत. अण्णा, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली आणि मास्तरांची पण. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या मी तिथं थांबणार नाही, पण तू चुकतेयस असं मी म्हणणार नाही.

एकच प्रश्न राहिला, पियूला काय सांगू? तिला समोर ठेवू की मावशीकडं पाठवू?

मास्तर_माधवनगर
मी आयुष्यभर पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवलं. या वयाच्या मुलाला खोटं सांगू नये. शाळेतनं आल्यावर मासा गायब आणि "नदीत सोडला" असं सांगितलं तर ती पुलावरनं जाताना दर वेळी खाली बघेल. आज रात्रीच सांगा, तो बरा होणार नाही, त्याला त्रास होतोय, उद्या आपण त्याला औषधानं गुंगी देणार आणि मग तो मरेल. समोर थांबायचं की नाही ते तिला ठरवू द्या, मधेच उठून जावंसं वाटलं तर जायची मुभा द्या. मुलं अशा वेळी विचारतात "आपण अजून एक औषध द्यायला पाहिजे होतं का". याला तयार राहा, काय काय दिलं ते सगळं तिला खरंखरं सांगा.

टँकवेडा_मिरज
मास्तरांशी सहमत. ताई, काही लागलं तर मेसेज करा, मी मिरजेतनं अर्ध्या तासात येतो, संकोच करू नका.

पियूची_आई
झालं आज सकाळी. लिहायला वेळ लागला जरा.

पियू थांबली. थेंब तिनंच मोजले, बाबा घड्याळ बघत होते. पहिल्या खेपेला तो थोडा भांडंभर फिरला, मग परांची हालचाल मंदावली आणि अगदी अलगद आडवा झाला. शेपटीला हात लावला तर काहीच नाही. मी घाबरले होते की तो तडफडेल, तसं काही झालं नाही. दुसऱ्या खेपेनंतर कल्ले थांबायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि ती उचकी ताईंनी आधीच सांगितली होती म्हणून बरं, नाहीतर मी हात घालून बाहेर काढला असता. पुढं तासभर तसाच ठेवला. उभे राहिलेले खवले शेवटपर्यंत तसेच होते, पण अंगातला ताठरपणा गेला होता. पियूनं मास्तर म्हणाले तोच प्रश्न विचारला, अगदी शब्दाला शब्द. सगळं सांगितलं तिला.

गच्चीवर मोठ्या कुंडीत, तगरीखाली, हातभर खोल पुरला म्हणजे मांजर उकरणार नाही. सासूबाई वर आल्या आणि त्यांनी हळदकुंकू वाहिलं.

आता टँकमधे दोन गोल्डफिश आहेत, चांगले खातायत. त्यांचं काय करू? औषध घालू का आधीच?

मत्स्यकन्या_तासगाव
ताई, तुम्ही नीट केलंत सगळं. पियूला माझ्याकडनं शाबासकी, थेंब मोजणं सोपं नसतं त्या वेळी.

बाकी दोघांना औषध अजिबात नको. निरोगी माशाला आधीच अँटिबायोटिक दिलं तर फिल्टर बिघडतो आणि पुढं खरंच गरज लागली तर ते औषध लागू पडत नाही. ड्रॉप्सी बरेचदा त्या एका माशापुरती असते. महिनाभर दर आठवड्याला पाव ते एकतृतीयांश पाणी बदला, नायट्रेट तपासा, ४० पीपीएमच्या खाली ठेवा. टबातली जाळी आणि एअर स्टोन पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवा. लवंग तेलाचं पाणी संडासात ओतून वर भरपूर पाणी सोडा, झाडांना नको. आणि नवीन मासा आणलाच तर तीन-चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय यांच्यात सोडू नका.

कराडची_गप्पी
धागा आत्ता वाचला, डोळ्यांत पाणी आलं. माझा प्रश्न बारीक आहे. माझ्या एका गप्पीच्या पाठीला बाक आलाय, वाकडी पोहते, पण खायला सगळ्यात पुढं असते. घरचे म्हणतात तिला पण असंच सोडवू. लिटरला किती थेंब?

मत्स्यकन्या_तासगाव
सोडवू नका. खातेय, पळतेय, बाकीच्यांत मिसळतेय, मग तिला जगू द्या. गप्पींमधे पाठीचा बाक बरेचदा जन्मजात किंवा म्हातारपणाचा असतो. मात्र आधी सरळ होती आणि आता वाळत चाललीय, अंगावर जखमा दिसतायत, तर माशांचा टीबी असू शकतो. मग तिला वेगळ्या टाकीत ठेवा आणि हाताला कुठं कापलं-खरचटलं असेल तर हातमोज्याशिवाय पाण्यात हात घालू नका, तो जंतू माणसाच्या कातडीला गाठी आणतो. पोटाचा आणि पाठीचा असे दोन फोटो टाका, बघून सांगते.